सात पदरांची डबी

१

डबा रिकामा परत आला, तेव्हाच धम्मपालला कळलं, काहीतरी बिनसलंय.

कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर आईचं नाव ठोकलेलं. केरळला हाउसबोटीच्या सहलीला निघताना आईनं त्यात काठोकाठ चिवडा भरून दिला होता आणि सहलभर तो ताहेराचाचींच्या ताब्यात होता. औरंगपुऱ्यातल्या या ताहेराचाचींच्या घरातनं कुणाचं भांडं रिकामं गेल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. पत्ता चुकून दारात आलेल्या कुरिअरवाल्याच्या पिशवीतसुद्धा त्यांनी शीरखुर्मा ओतला होता आणि तो बिचारा पिशवी टपकवत थेट शहागंजपर्यंत गेला होता, असं गल्ली सांगते. गल्ली कशाला खोटं सांगेल?

आज मात्र डबा लख्ख घासलेला आणि रिकामा. धम्मपालनं झाकण उघडलं, तर तळाशी त्याचंच तोंड दिसलं.

डबा आणून देणारा उजैर धम्मपालच्या ऑफिसच्या काउंटरपाशी उभा होता. मुबारकचाचा आणि ताहेराचाचींचा पुतण्या, त्यांच्याच घरात वाढलेला, त्यांचं हिमरू शालींचं दुकान सांभाळणारा. करंगळीला पट्टी बांधलेली, नजर जमिनीवर.

"बडे अब्बांनी बोलावलंय. आत्ताच."

"काय झालं रे?"

"सतलडा गेला," उजैर म्हणाला आणि वळून चालू लागला.

सतलडा म्हणजे सात पदरी मोत्यांचा हार. त्या घरातली प्रत्येक नवरी तो घालूनच नवरी झालेली. शुक्रवारी मुबारकचाचांच्या लेकीची, लाइबाची मंगनी होती आणि तेव्हा तो तिच्या गळ्यात पडायचा होता. चाचांचा बँकेच्या लॉकरवर विश्वास नाही. आठवडाभर घरात एकटा उजैर, तोही दिवसभर खाली दुकानात, म्हणून हार त्यांनी सोबत घेतला होता. बिदरी डबीत, डबी जुन्या शालीत, शाल रेक्झिनच्या बॅगेत, बॅगेला पितळी कुलूप. आणि ती बॅग सहलभर कुणाच्या खाटेखाली होती?

धम्मपालच्या. सहल त्याची होती, सहली काढणं हाच त्याचा धंदा. गुलमंडीवरच्या त्याच्या टीचभर ऑफिसात ना एसी, ना सोफा. लोक आपले म्हातारे आईबाप आणि घराच्या किल्ल्या विश्वासानं त्याच्या हाती देतात, एवढंच त्याचं भांडवल.

२

"देख बेटा," मुबारकचाचा म्हणाले, "मी अजून ठाण्यात गेलो नाय. आज दिवस मावळेपर्यंत, मगरिबच्या नमाजपर्यंत थांबतो. तोवर हार या डबीत आला, तर मी काही बघितलं नाय, तू काही केलं नाय."

"चाचा, मी खरंच काही केलं नाय!"

"कुलूप फोडलेलं नाय. किल्ली माझ्या गळ्यात. बोटीवर सकाळी पाण्यात उतरताना मी ती कुणाकडं द्यायचो?"

रोज सकाळी बोट नारळाला बांधलेली असायची. चाचा पाण्यात उतरायचे आणि किल्ली पाण्यात पडेल या भीतीनं त्याच्याच हातात द्यायचे. रोज.

"माझ्याकडं," तो म्हणाला.

आत लाइबा मुसमुसत होती. ताहेराचाची भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. बोटीवर ज्यांनी त्याला स्वतःच्या ताटातला मासा काढून दिला होता, त्या आज त्याच्याकडं बघतही नव्हत्या.

"मुबारकभाई, दुसरी किल्ली कुठंय?"

आवाज दारातून आला. उमाबाई. निवृत्त सरकारी वकील, ताहेराचाचींची शाळेपासूनची मैत्रीण, सहलीत त्याच बोटीवर होत्या. कोर्टात त्यांनी उलटतपासणी सुरू केली की भिंतीवरची पालसुद्धा साक्ष द्यायला खाली उतरायची म्हणतात.

"दुकानाच्या गल्ल्यात," चाचा म्हणाले. "पण गल्ला इथं आणि बॅग तिकडं पाण्यावर. त्या किल्लीचा काय संबंध?"

"मी फक्त विचारलं." उमाबाई खाली बसल्या. "डबी बघू."

काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी. उमाबाईंनी आधी शाल उचलून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. कुबट वास, घडीवर करड्या बुरशीचे ठिपके. मग डबी उघडून तिच्या मखमलीत नाक खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"यात हे काय आहे?"

"चोराची थट्टा!" ताहेराचाची पहिल्यांदा बोलल्या. "हार नेला आणि बत्तासे ठेवून गेला मेला. बत्तासे आणि एक खारीक. जसं काय बारसं जेवायला आलाय!"

"तू नव्हते ठेवलेस?"

"मी कशाला ठेवू?"

उमाबाईंनी एक बत्तासा उचलला, कानाशी नेला आणि चिमटीत दाबला. कट्ट. मग तो तोंडात टाकून सावकाश चावला.

"वकीलबाई!" धम्मपाल ओरडलाच. "पुरावा खाल्लात की!"

"तपासला," उमाबाई बोटं झटकत म्हणाल्या. "ताहेरा, हा सतलडा गळ्यातून कोण काढतं?"

"मोठी बाई. म्हणजे मी. पहिल्यांदा घातला की नवरीनं स्वतः काढायचा नाय, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. मानेमागचा फासा मोठ्या बाईनंच सोडायचा. आत्ता हे कशाला?"

"सहज. धम्मपाल, तुझी गाडी काढ. आपल्याला दौलताबादला जायचंय."

"आणि मगरिब?"

"म्हणून तर म्हणते, काढ."

३

दौलताबादच्या किल्ल्याखाली हिमांशूचं लहानसं हॉटेल होतं. हिमांशू उमाबाईंचा भाचा, सहलीतला सहावा गडी. सतलड्यावर त्याचा जीव जडलेला. हॉटेलच्या जाहिरातीसाठी त्याचा फोटो काढू द्या म्हणून त्यानं बोटीवर ताहेराचाचींचं डोकं खाल्लं होतं.

"मावशी, हाराचं कळलं. माझ्यावर संशय?" तो हसला. "बरं झालं आलात, मीच फोन करणार होतो. हे बघा."

त्यानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर कालवा होता. दोन्ही काठांवर नारळ पाण्यात वाकलेले, बदकांचा एक अख्खा गाव ओरडत चाललेला. झावळ्यांच्या छपराची त्यांची बोट इतकी हळू चालली होती की काठावर कपडे धुणारी बाई तीन साड्या पिळेपर्यंत फ्रेममधून गेली नव्हती. बोटीच्या टोकाला धम्मपाल बसला होता, मांडीवर रेक्झिनची बॅग. हातात किल्ली.

धम्मपालचे कान तापले. "ते... चाचा पोहून आले होते, कपडे बदलत होते, किल्ली अजून माझ्याकडंच होती. बोट कलली की खालून पाणी यायचं, म्हणून बॅग मांडीवर घेतली होती."

"किल्लीसकट?" हिमांशू म्हणाला. "मी आरोप करत नाही. पण पोलिस हेच बघणार ना."

धम्मपालनं उमाबाईंकडं पाहिलं. त्या व्हिडिओ बघतच नव्हत्या. कोपऱ्यातल्या टेबलाकडं बघत होत्या.

"हिमांशू, तो कॅमेरा तसा का पसरलाय?"

"वाळवतोय. त्याच्या चामड्याच्या पिशवीला बुरशी आली हो! त्या बोटीवर काय धड राहिलं सांगा. काडेपेटी पेटेना, मिठाचा दगड झाला. याच्या आईच्या चिवड्याची तर पार लापशी झाली होती."

"कडीच्या डब्यात असून?"

"डब्याचं काय घेऊन बसलात! दुसऱ्याच दिवशी सादळला. ताहेराचाची तर म्हणाल्या, हा चिवडा आता चमच्यानं खायचा."

उमाबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं, की हिमांशूनं घाबरून मोबाईल खिशात घातला.

"चल धम्मपाल."

"पण याला काही विचारलंच नाय तुम्ही!"

"त्यानं सगळं सांगितलं. स्वतःला कळलं नाही, तो भाग वेगळा."

४

परत येताना दुपार कलली होती, तरी ऊन तापलेलंच. मे महिन्याचा वारा असा कोरडा, की तोंड उघडलं तर दात तडकावेत. धम्मपालनं गाडी मिटमिटा गावाजवळ कडेला घेतली.

"बाई, खरं सांगा. मी सुटतो का नाय? आज ठाण्यात नाव गेलं, तर उद्या गुलमंडीवर माझ्या दारात कुणी किल्ली ठेवणार नाय. सुटलो तरी लोक म्हणतील, तोच तो, हारवाला."

उमाबाईंनी उलट विचारलं, "काल सकाळी आपण मनमाडहून जीपनं आलो. चाचांच्या दारात उतरल्यावर काय झालं? एकेक सांग."

"मी बॅग चाचांच्या हातात दिली. त्यांनी ती बैठकीत ठेवली. तेवढ्यात गल्लीतनं कुणीतरी ओरडलं, पाणी आलं!"

"मग?"

"मग काय! आठवड्यानं नळ आला होता. चाचींनी चप्पलसुद्धा काढली नाय. बोटीवर आठवडाभर पाण्यात राहून आलेली बाई, पण हंडा घेऊन अशी पळाली! तिथंही रोज उठून बाथरूममधल्या बादल्या भरून ठेवायची, आठवतंय ना? बोटवाले हसायचे. आम्ही नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत रांग लावली. चाची, लाइबा, चाचा, मी, तुम्ही. हिमांशूसुद्धा."

"उजैर?"

"तो सामान आत घेतो म्हणाला. आला मागनं, पाणी जायच्या वेळेला."

"आणि तू बैठकीत कधी गेलास?"

"गेलोच नाय. शेवटची बादली ठेवली, चाचींनी पदराला हात पुसत मला दारातच दुवा दिली आणि मी घरी गेलो." तो थांबला. "बॅग त्यांनी त्यानंतर उघडली. पण बाई, उजैर तर सहलीला आलाच नव्हता. हार बोटीवर, तो इथं. त्याचा हात तिथवर कसा पोचेल?"

"गाडी चालव," उमाबाई म्हणाल्या. "आपल्याला एक शाल घ्यायचीय."

५

उजैरनं गादीवर शालींचा ढीग रचला. एकेक शाल फटकन हवेत उलगडायची आणि गादीवर पसरायची. हात सराईत होते.

"करंगळीला काय झालं?" उमाबाईंनी विचारलं.

"कात्री लागली, उमाखाला."

"खोल?"

"हौ. लई खोल."

तो गाठोड्याची गाठ त्याच करंगळीनं ओढून सोडत होता. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती. धम्मपालनं ते पाहिलं, आणि त्यानं ते पाहिलेलं उमाबाईंनीही पाहिलं.

"आम्ही केरळात होतो तेव्हा दुकान रोज उघडं होतं?"

"व्हय."

शेजारच्या बांगडीवाल्यानं तिथूनच मान बाहेर काढली. "कुठलं रोज! रविवारी कुलूप होतं की. मी म्हटलं, पोरगा आजारी पडला का काय."

उजैरच्या हातातली शाल अर्धीच उलगडली. "रविवारी... सोयगावला गेलो होतो. वसुलीला."

"सोयगावला," उमाबाई हळूच म्हणाल्या. "याह्याशेठच्या गावाला."

याह्याशेठचं नाव त्या दुकानात वर्षानुवर्षं कुणी घेतलं नव्हतं. एका लग्नात मुबारकचाचांनी हौसेनं नान-कलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, रांधून घेतला होता, आणि भर पंगतीत याह्याशेठ म्हणाले होते, कलिया पातळ झालाय. त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय न ठेवण्याची शपथ घेतलेली. त्या पंगतीत त्या रात्री रस्सा सांडला, त्याहून जास्त शिव्या सांडल्या.

मशिदीच्या भोंग्यावर कुणीतरी खाकरलं. असरची अजान. मगरिबला आता फार वेळ उरला नव्हता.

"उजैर," उमाबाई उठत म्हणाल्या, "शाल नको. तू वर चल."

६

बैठकीत सगळे जमले. मुबारकचाचांनी टोपी घातली होती, पायात चप्पल होती. ठाण्यात जायची तयारी.

"मुबारकभाई, चप्पल काढा," उमाबाई म्हणाल्या. "तुमची डबी बोटीवर गेलीच नव्हती."

"क्या बोल रहे उमाबाई! मी स्वतः बॅगेत ठेवली."

"ठेवलीत. आणि बॅग जीपमध्ये चढायच्या आधी ती गल्ल्यातल्या दुसऱ्या किल्लीनं बाहेर निघाली. ही शाल हुंगा. आठवडाभर खाडीची हवा खाल्ली, कुबटली, बुरशी आली. आता मखमल हुंगा. कोरडी ठणठणीत, ताहेराच्या अत्तराचा वास अजून आहे. एका बॅगेत, एकमेकीला चिकटून राहिलेल्या दोन वस्तू. एकीला पाणी लागलं आणि दुसरीला नाही?"

चाचांनी शाल हुंगली. मग डबी. मग परत शाल.

"दुसरं, बत्तासे. धम्मपालच्या आईचा चिवडा कडी लावलेल्या डब्यात दोन दिवसांत सादळला. बत्तासा तर साखरेचा, त्याचा चिकट गोळा झाला असता. हा माझ्या चिमटीत कट्टकन फुटला. आपल्या मराठवाड्याच्या हवेतला बत्तासा होता तो. म्हणजे डबी इथंच राहिली आणि काल पाणी भरायच्या गडबडीत परत बॅगेत आली. तेव्हा धम्मपाल ताहेराच्या डोळ्यांसमोर बादल्या उचलत होता."

चाचींनी पहिल्यांदाच मान वळवून धम्मपालकडं पाहिलं.

"पण बत्तासे ठेवले कशाला?" लाइबानं डोळे पुसत विचारलं.

"हाच तर प्रश्न होता. बाहेरचा चोर असता तर डबीसकट नेता. डबी परत का केली? आणि परत केली तर रिकामी का नाही केली?" उमाबाईंनी ताहेराचाचींकडं पाहिलं. "कारण तो या घरात वाढलाय. या घरातनं मागून नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्याच्या हाडात मुरलंय. त्यानं डबी चोरली नव्हती. त्याच्या मनानं त्यानं ती मागून नेली होती. आणि परत करताना त्याच्याकडं जे शकुनाचं होतं ते टाकलं. बत्तासे आणि खारीक. कुठं वाटतात हे दोन्ही?"

ताहेराचाचींचा हात तोंडावर गेला. "निकाहात."

"उजैर," उमाबाई म्हणाल्या, "करंगळीची पट्टी सोड."

तो हलला नाही. त्याच्या ओठांवर घाम आला होता. मुबारकचाचा उठले, त्याचा हात धरला आणि एका झटक्यात पट्टी ओढली.

कात्रीची खूण नव्हती. करंगळीच्या टोकाला मेंदी होती. नवरदेवाची. गर्द रंगलेली.

"आमरीन," उजैर खाली बसत म्हणाला. "याह्याशेठची लेक. तुम्ही कधीच हो म्हणाला नसता, बडे अब्बा. तिच्या मामानं निकाह लावून दिला, रविवारी. पण सतलड्याशिवाय या घरची बहू कशी होणार? मी म्हटलं, घालतो, काढतो, परत ठेवतो. तर ती म्हणाली, फासा मोठ्या बाईनंच सोडायचा. मला हातच लावू देईना. हार अजून तिच्या गळ्यात आहे, ओढणीखाली."

धम्मपाल पुढं झाला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला.

"सकाळी माझा डबा तूच आणून दिलास. रिकामा. तुला माहीत होतं."

उजैरनं मान वर केली नाही. "दारापर्यंत आलो होतो सांगायला. तोंडच उघडलं नाय. माफ कर, भाई."

"याह्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाय!" चाचा गरजले. "मरेपर्यंत नाय!"

"मग मला जावं लागणार," ताहेराचाची म्हणाल्या आणि उठल्या. "फासा मीच सोडायचा ना? आणि ऐका. मी त्या दिवशीही तुम्हाला म्हटलं होतं. कलिया पातळच होता."

चाचांनी बिदरी डबी उचलली. खाली गल्लीत नमाजला निघालेले लोक थबकले होते. बातमी त्यांच्या कानावर सकाळपासूनच होती. चाचा डबी घेऊन धम्मपालसोबत जिना उतरले आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, ती त्याच्या हातात ठेवली. मग गळ्यातली किल्ली काढून वर ठेवली.

"उद्या सकाळी चाचींना सोयगावला घेऊन जा. येताना बहूला आण. हार या डबीत, डबी बॅगेत, बॅग तुझ्याकडं." त्यांचा आवाज फाटला. "मी येतो. गाडीत बसून राहीन. उंबऱ्यावर पाय नाय ठेवणार."

"चाचा, किल्ली तरी तुमच्याकडं ठेवा."

"नको. तुझ्याकडंच बरी."

शुक्रवारी सतलडा लाइबाच्या गळ्यात पडला, आणि मंगनीच्या पंगतीनंतर धम्मपाल निघाला, तेव्हा ताहेराचाचींनी त्याचा डबा मागून घेतला. परत दिला तो जड होता, गरम होता आणि झाकणाच्या कडीतून वाफ येत होती. डबा मांडीत धरून तो घरी पोचेपर्यंत कलिया कडेनं झिरपत त्याच्या पँटवर, स्कूटरवर आणि अर्ध्या गुलमंडीवर सांडला होता.

पातळच होता, यात शंका नाही. पण ही गोष्ट धम्मपालनं पुढं जन्मात कुणाला सांगितली नाही.